रस्ते पुसल्यावर

ऑफिसात मला रंगारीणबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू येतं. मला त्याचा राग नाही, कारण ते खरं आहे. आमच्या आपत्ती-जोखीम कक्षाचं काम म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला रंग द्यायचा. तिथे पूर, वादळ, भूकंप, दरड यांतलं काय येऊ शकतं, आलं तर किती माणसं आणि किती घरं त्यात सापडतील, आणि सापडलेल्यांना सावरायला दवाखाना किंवा अग्निशामक जवळ आहे का, याचा हिशेब मांडायचा. हिशेबाचं उत्तर आकड्यात येतं. आकड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, सगळे रंगाकडे बघतात. लाल दिसला की घर घेणारा पळतो, हिरवा दिसला की बिल्डर मला बघून लांबूनच हसायला लागतो.

या कामात मी हुशार आहे. उगाच विनयाचं नाटक करण्यात अर्थ नाही. माझ्या आधीच्या साहेबांनी जवळजवळ सगळा जिल्हा पिवळा रंगवून ठेवला होता. पिवळा म्हणजे 'काळजी घ्यावी'. कुणाची तक्रार नाही, कुणाला उपयोग नाही, आणि साहेब सुखाने निवृत्त. मी आल्यावर तो पिवळा पसारा मोडला. नदीकाठची जुनी बाजारपेठ लाल केली, तेव्हा व्यापाऱ्यांनी माझ्या टेबलाभोवती उभं राहून माझा उद्धार केला. मी पाणी मागवलं, त्यांना दिलं आणि रंग तसाच ठेवला.

आता ताईबद्दल. माझी थोरली बहीण बालशाळा चालवते. कितीतरी वर्षं ती एका टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत चालवत होती. खाली हातोडा पडला की वर बाराखडी थांबायची. त्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं हा ताईचा एकच ध्यास. शहराच्या कडेला डोंगराच्या उतारावर नवी वस्ती होत होती, तिथे तिने जागा पाहिली. चढ संपून मध्येच एक सपाट, ऐसपैस तुकडा. समोर सगळं शहर दिसतं, मागे झाडी, वारा असा की पंख्याचं नाव नको. बघताक्षणी ती जागा तिच्या मनात भरली. इमारत उभी राहिली, भिंतींवर तिने स्वतः हत्ती आणि ढग रंगवले. हत्ती थोडे डुकरासारखे झाले होते, पण हे तिला सांगायची हिंमत घरात कुणाची नव्हती.

आमच्याकडे नियम असा, की शाळा किंवा दवाखाना सुरू करायचा तर त्या चौकोनाचा रंग बघून दाखला मिळतो. हिरव्याला लगेच, पिवळ्याला अटी घालून, लालला नाही. पुढच्या महिन्यातल्या बैठकीत माझा नवा नकाशा मंजूर व्हायचा होता आणि त्याच बैठकीत ताईचा अर्ज होता. तिची बहीण मी, हे मी जिल्हाप्रमुख साहेबांना आधीच लेखी कळवलं होतं आणि सही त्यांचीच राहील असं ठरलं होतं. तशी काळजी काही नव्हती. उतारावरची वस्ती नकाशात पोपटाच्या पाठीइतकी हिरवी होती.

"बिनधास्त राहा," मी ताईला सांगितलं होतं. "तुझ्या शाळेइतकी सुरक्षित जागा शोधून सापडायची नाही."

आमची लेक, जिला घरात सगळे ठकी म्हणतात, तीही तिथेच जाणार होती. नाव घालून झालं होतं. दप्तर अडकवायला तिने सगळ्यांत उंच खुंटी पसंत केली होती, जिला तिचा हात अजून पोचत नव्हता.

ज्या दिवशी सगळं उलटं झालं, त्या दिवशी मी अगदी खुशीत होते. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांचा निरोप आला, की नकाशा फार गिचमिड दिसतो, छापायला देण्याआधी त्यातले रस्ते काढून टाका. साहेबांचं म्हणणं रास्त होतं. रस्ते, नद्या, हद्दी आणि वर आमचे आपत्तींच्या नोंदींचे ठिपके, म्हणजे मांजराने लोकरीच्या गुंड्याशी खेळून सोडल्यासारखं ते दिसत होतं. नकाशात प्रत्येक गोष्टीचा वेगळा थर असतो, एक बटण दाबलं की तो थर जातो. मी रस्त्यांचा थर बंद केला.

रस्ते गेले नाहीत.

मी पुन्हा बटण दाबलं. चालू, बंद, चालू, बंद. थर बंद होत होता, तरी पडद्यावर घाटाची सगळी वळणं जशीच्या तशी दिसत होती. चष्मा पुसला. मग नाक पडद्याला लावून पाहिलं. ते रस्ते नव्हतेच. ते दरडींचे लाल ठिपके होते. पूर्वी जिथे जिथे दरड कोसळली तिथे एक ठिपका, असे शेकडो ठिपके, आणि ते सगळे एकामागोमाग रस्त्यांवर रांगेने बसले होते. रस्त्यापासून हातभर आत, मोकळ्या डोंगरात, एकसुद्धा नाही.

दरडींची माहिती आम्ही रस्ते विभागाकडून घेतली होती. तिचं आम्हाला केवढं कौतुक! दरड आडवी आली की त्यांचा लोडर ती उचलायला जातो, आणि लोडर गेला की जागा आणि तारीख नोंदली जाते. इतकी चोख माहिती दुसऱ्या कुठल्याच विभागाकडे नाही. ती हातात पडली तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला होता. पण लोडर जातो तो रस्ता मोकळा करायला. दरड रानात पडली तर त्याला कोण बोलावणार? म्हणजे आमच्या नकाशाच्या मते रस्ता नाही तिथे दरड नाही. आणि उतारावरच्या वस्तीला रस्ताच मुळी परवापरवा झाला होता. शून्य दरडी म्हणून हिरवा रंग, आणि हिरवा रंग म्हणून तिथे शाळा.

मला स्वतःचा इतका संताप आला की मी समोरची पेन्सिल मोडली. मग दुसरी पेन्सिल घेतली आणि दगडोबाला हाक मारली.

दगडोबा म्हणजे आमचा भूगर्भतज्ज्ञ. माणसांशी मोजकं बोलतो, दगडांशी तासन्‌तास. मी त्याला पडदा दाखवला. त्याने मान वाकडी करून पाहिलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "आपण दोघंही गाढव आहोत."

"ते नंतर ठरवू. उतारावर जायचंय. बूट घाल."

ताई शाळेतच होती, खिडक्यांना पडदे लावत. आम्हाला बघून तिचा चेहरा फुलला. "दाखला घरपोच द्यायला आलात की काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, जरा आजूबाजूला बघायचंय. तिने चहा टाकला आणि आम्ही मागच्या झाडीत शिरलो.

तिथे मी आधी पन्नास वेळा येऊन गेले होते, पण तेव्हा मी बहीण म्हणून, पाहुणी म्हणून आले होते. आता कामाचे डोळे लावून पाहिलं. झाडांचे बुंधे जमिनीतून सरळ निघत नव्हते. बुडाशी उताराच्या बाजूला कललेले आणि मग वळून वर गेलेले, सगळेच्या सगळे. पायाखालची जमीन हळूहळू सरकत असेल तर झाड असंच वाढतं, कारण ते सारखं स्वतःला सरळ करत राहतं. नव्या रस्त्यासाठी डोंगर कापला होता, त्या कापात एकसंध खडक दिसायला हवा होता. त्याऐवजी डोक्याएवढे, मुठीएवढे, सुपारीएवढे दगड मातीत कसेही कालवलेले होते. वर झाडीच्या टोकाला अर्धगोल कडा होता, कुणी मोठा घास घेतल्यासारखा.

दगडोबाने त्या मातीत बोटं घातली. आतून ओल लागली.

"ही जागा इथली नाही," तो म्हणाला. "वरून आलीय. तो कडा दिसतो ना, तिथून अख्खी बाजू घसरून इथे येऊन टेकली. म्हणून तर इतकी सपाट आहे."

"कधी?"

"माणसं लिहायला-वाचायला लागायच्या कितीतरी आधी."

"आणि पुन्हा?"

"ते मला विचारू नकोस. आपल्या पतवंडांच्या वेळी, किंवा यंदाच्या पावसात. पण आपण खालून टेकू काढलाय रस्त्यासाठी, आणि वर वजन ठेवलंय." त्याने शाळेकडे बोट केलं.

ज्या सपाटीवर ताईचा जीव जडला होता, ती सपाटीच दरडीने करून दिली होती. डोंगरात अशी जागा उगाच सापडत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा येतानाच सुचायला हवं होतं.

चहा थंड झाला. मी ताईला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ती पडद्याची काठी हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे हिरवा नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"मग पिवळा?"

"ताई, लाल."

"परवापर्यंत हिरवा होता. तूच म्हणालीस बिनधास्त राहा. मी लोकांना सांगितलं, माझी बहीण सांगतेय, माझी बहीण! आता तुझं बटण दाबलं गेलं आणि डोंगर हलायला लागला?"

"डोंगर आधीपासून हलतोय. आम्हाला आज दिसलं."

"पडेल का? एका शब्दात सांग. पडेल की नाही?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून शक्यता, कालावधी, अनिश्चितता असले शब्द बाहेर पडले. सवय. तिने काठी खाली टाकली. "तुला नाही येत सांगता," ती म्हणाली, "तर मी अर्ज मागे घेणार नाही. बैठकीत बघू." दगडोबा केव्हाच बाहेर जाऊन बूट झटकत उभा राहिला होता.

त्यानंतर तिने माझे फोन घेतले नाहीत. आम्ही दोघी बहिणी भांडायला खंबीर आहोत, पण अबोला आम्हाला जमत नाही, त्यामुळे तो फार लागला. ठकी रोज विचारायची, मावशीकडे कधी जायचं. मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगायचे आणि कामाला लागायचे. कामात मात्र मी ढिली पडले नाही. लोडरच्या नोंदी बाजूला ठेवल्या. दगडोबा आणि मी सगळे उतार पायी फिरलो, त्याच्या शेतकी कॉलेजातल्या मित्राकडून जुने हवाई फोटो मागवले, त्यांत जुन्या घसरणींच्या खुणा शोधल्या. नकाशा नव्याने उभा राहिला आणि आधीपेक्षा शंभरपट चांगला झाला. घाटातले काही चौकोन लालचे पिवळे झाले. तिथे दरडी बारीकच पडत होत्या, फक्त प्रत्येक वेळी कुणीतरी त्यांची नोंद करत होतं. उतारावरची वस्ती लाल झाली. आता या नकाशावर कुणीही येऊन डोकं आपटलं तरी तो हलणार नाही, अशी माझी खात्री होती.

बैठकीचं दालन लांबट, मधोमध टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. टोकाला जिल्हाप्रमुख साहेब. डाव्या हाताला उतारावरचा बिल्डर, नवा शर्ट घालून. त्याच्या पलीकडे अर्जदारांच्या खुर्चीत ताई. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उभी राहून नकाशा दाखवला. लाल दिसताच बिल्डर बोलायला लागला.

"साहेब, त्या उतारावर आजवर एक खडा पडल्याची नोंद नाही. हवं तर रस्ते विभागाला विचारा."

"अगदी बरोबर बोलताय," मी म्हटलं. "नोंद लोडर गेला की होते आणि लोडर रस्ता असेल तिथे जातो. उतारावर रस्ता नव्हता. डोंगर अख्खा खाली आला असता तरी लोडरला कुणी बोलावलं नसतं."

साहेबांनी भुवया वर केल्या. "म्हणजे आपला आधीचा नकाशा चुकला होता?"

"नकाशा बरोबर होता, साहेब. फक्त तो दरडींचा नव्हता, लोडरच्या फेऱ्यांचा होता. चूक माझी, मी त्याला दरडींचा समजले. आता हा दरडींचा आहे."

रस्ते विभागाचे गृहस्थ खोकले. त्यांना हसू आलं होतं.

"आणि यांची सख्खी बहीण अर्जदार आहे, हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं," बिल्डर म्हणाला.

"आहे ना," मी म्हटलं. "मी तिच्या बाजूने झुकले असते तर रंग कुठला असता, सांगा बरं?"

साहेबांचं मात्र समाधान झालं नाही. त्यांना मंजुरी द्यायची होती आणि त्यांच्या प्रश्नाला वजन होतं. "तिथे दरड येण्याची शक्यता नेमकी किती?"

मी खरं ते सांगितलं. आकडा एक नाही, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पल्ला आहे, आणि पल्ला मोठा आहे. वर्षानुवर्षं काही होणार नाही असंही घडू शकतं. मी हे सांगत असतानाच बिल्डर खुर्चीत पुढे सरकला.

"म्हणजे माहीत नाही! माहीत नसताना तुम्ही लोकांच्या आयुष्याची कमाई लाल करताय."

टेबलावर कुजबुज सुरू झाली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पिवळा करून टाकावा, अटी घालाव्यात, असं त्यांच्या मनात येतंय हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा ताई उठून उभी राहिली.

"साहेब, मी अर्जदार. मला हा पल्ला वगैरे कळत नाही. मला मॅडमना एकच विचारायचंय."

जन्मात पहिल्यांदा ती मला मॅडम म्हणाली. माझ्याकडे सरळ बघून ती पुढे म्हणाली, "मॅडम, तुमच्या मुलीचं नाव माझ्या शाळेत घातलेलं आहे. त्या इमारतीत तुम्ही तिला पाठवाल?"

"नाही," मी म्हटलं.

 ताईने साहेबांकडे तोंड वळवलं.

"मग माझा अर्ज मागे घेते," ती म्हणाली. "यांची पोर जिथे बसणार नाही, तिथे मी दुसऱ्यांची कशी बसवू? हे लिहून घ्या, साहेब." तिने पर्स उचलली आणि ती बाहेर गेली.

साहेबांनी नकाशावर सही केली, जसा होता तसा. बिल्डरने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता पुन्हा बंद केली. मी जिंकले होते, आणि मला धावत बाहेर जायचं होतं.

ताई व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी उभी होती. डोळे लाल, पण आवाज ठाम.

"तू जराशी तरी थांबशील असं मला वाटलं होतं," ती म्हणाली.

"थांबले असते तर?"

"तर अर्ज ठेवला असता. तसं ठरवूनच आले होते मी. तू अडखळलीस की समजायचं, हिलाही खात्री नाही, आणि शाळा उघडायची." तिने नाक पुसलं. "पण तू श्वाससुद्धा घेतला नाहीस गं."

मला काय वाटलं ते मी तिला तिथेच सांगितलं, की तिच्यासारखी बहीण मिळाली हे माझं नशीब आहे आणि तिची शाळा मोडताना माझं काळीज तुटलंय. ती म्हणाली, भाषणं बैठकीत दे. मग तिने पर्समध्ये हात घालून शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "माझ्याकडे राहिल्या तर मी उघडीन."